पायांनी पाठ केलेली नदी

फॉन्सोचं पुरं नाव अल्फॉन्सस लारोंद. पण ते बाप्तिस्म्याच्या कागदावर, नाहीतर त्याची आई भडकली की तिच्या तोंडात. बाकी आमच्या बेटावरच्या लायू नदीच्या काठाला सगळे त्याला फॉन्सोच म्हणायचे. जहाजावरनं उतरलेल्या पाहुण्यांना रबरी ट्यूबमध्ये बसवून नदीतनं खाली न्यायचं, हे त्याचं काम. त्यांना रोझो बंदराच्या धक्क्यावरनं बसमध्ये घालून वर आणायचं, आणि खालच्या पुलापाशी भिजलेले परत गोळा करायचे, हे माझं. ओर्लीन मॅडमच्या धंद्यात अकरा वर्षं असं चाललं. तो नदीचा, मी रस्त्याचा.

सकाळी पाहुणे ट्यूबा धरून वाळूत उभे राहिले की फॉन्सो एका पिंपावर चढायचा. त्याचं ते भाषण मला पाठ होतं. त्यातला हेस्केथ म्हणजे मी.

"सोनंनाणं जहाजावर ठिवून आलाय न्हवं? न्हाय ठिवलं तर हेस्केथच्या बसमधी ठिवा. त्यो चोर हाय, पर त्येची बस पळत न्हाय. पायात नाडीचं बूट पायजेत, सपाता नगं. नदीला सपाता लई आवडत्यात, एक घेती आन एक तुमाला ठिवती. चष्मा बांधून घ्या. ट्यूबमधनं पडला तर उभं ऱ्हायाची घाई करू नगा, दगडात पाय अडकतोय. उताणं व्हायचं, पाय म्होरं, ढुंगण वर. आन जहाज सुटायच्या दीड तास आधी म्या तुमास्नी बसमधी घालनार. जहाज कुणाच्या बापासाठी थांबत न्हाय."

पाहुणे खिदळायचे. म्हातारी माणसंसुद्धा "पाय म्होरं, ढुंगण वर" म्हणत पाण्यात बसायची.

आणि ह्या फॉन्सोला पोहता येत नव्हतं.

मला ते एका गुड फ्रायडेला कळलं होतं. सगळे नदीवर होतो. खारा मासा आणि भाजलेला नीरफणस खाऊन सुस्तावलो होतो. मी चेष्टेत त्याला काठावरनं ढकललं आणि मागोमाग मी पण उडी मारली. तो मांजरासारखा माझ्या गळ्याला चिकटला, नखं रुतली, ओठ राखेसारखे झाले. वर आल्यावर म्हणाला, "सांगू नगंस."

"आरं, नदीकाठचा तू."

"माझा मामा ह्याच नदीत गेला. तवापास्नं आयनं मला पाण्यात जाऊ दिलं न्हाय. केस वले दिसलं की पेरूची काठी."

"मग ह्या कामाला कसा लागलास?"

"मॅडमनं इचारलं, नदीकाठचाच न्हवं? म्या म्हनलं, व्हय. पोहता येतंय का, आसं कुठं कुणी इचारलं?"

खोटं काय बोलला नव्हता गडी. आमच्याकडं हे विचारायची रीतच नाही. कोंबडीला खरवडता येतं का, असं कोण विचारतं?

त्यानं त्यावर तोड काढली होती. नदी त्यानं पायांनी पाठ केली होती. वरच्या वाळूपासून खालच्या पुलापर्यंत कुठं घोट्याएवढं, कुठं कमरेएवढं, कुठला दगड घट्ट, कुठला डुगडुगता, सगळं त्याच्या तळव्यांत होतं. दगडांना नावं होती. तीन बहिणी, डुकरीण, बोळका. पुलाच्या वरच्या वळणाला काठापासून डोहाच्या मधोमध गेलेला एक लांब सपाट काळा दगड होता, त्याचं नाव पाद्री. पाद्रीवर उभं राहिलं की पाणी मांडीला लागायचं आणि हात लांबवला की डोहातली कुठलीही ट्यूब ओढता यायची. पाहुण्यांना वाटायचं, हा पाण्यावर चालतो.

लाइफ जाकीट पाहुण्यांना सक्तीचं. गाइडांनाही होतं, पण घालायचं कुणी नाही. नदीच्या पोराला जाकीट म्हणजे बाप्याला लुगडं. फॉन्सो ते एका खांद्यावर लटकवून फिरायचा, जसं काही उन्हासाठी घेतलंय.

अकराव्या वर्षी सप्टेंबरात वादळ आलं. छपरं गेली, केळी आडवी झाली, नदी आठ दिवस चिखलाच्या रंगाची होऊन दगड गडगडवत राहिली. पाणी उतरलं तेव्हा पहिलं जहाज यायला दोन आठवडे होते. दरसाल हंगामाआधी गाइड नदी तपासतात. बाकीचे डोहात उड्या मारून तळ बघून येतात. फॉन्सो उजाडायला एकटाच जायचा, हातात काठी घेऊन, आंधळ्यासारखा चाचपत. कुणी बघत नसताना.

त्या वर्षी नळ बंद होते, म्हणून गावातल्या बाया धुणं घेऊन पहाटेच पुलाच्या वरच्या वळणाला बसायच्या. त्यांत मा तितीन नावाची एक. तिची जीभ म्हणजे कोयता. फॉन्सो काठी टेकत खाली आला तशी ती म्हणाली, "काय रं फॉन्सो, म्हातारा झालास? काठी कशाला? मार की उडी. का मी येऊ धराया?"

बाया हसल्या. फॉन्सो पण हसला. "मावशे, तुज्या साबणानं पाणी खराब झालंय, उडी मारून काय घाण व्हऊ?" असं म्हणून काठी झुडपात टाकली आणि काठानं घरी निघून गेला. वळण तेवढं तपासायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी बाया होत्याच. तिसऱ्या दिवशी पण.

पहिल्या जहाजातनं आमच्या वाट्याला चौदा जण आले. त्यात हिल्डा नावाची एक बाई, पासष्ट-सत्तरची, कॅनडाची, खांदे कुळवासारखे रुंद. दुसरा गाइड केर्विन पुढं, फॉन्सो मागं, अशी रांग निघाली. मी पुलापाशी टॉवेल घेऊन उभा.

वळणावर वादळात पडलेलं बांबूचं बेट होतं. हिल्डाबाईची ट्यूब त्यात जाऊन अडकली. काही धोका नव्हता, ती हसतच होती. फॉन्सोनं खांद्यावरचं जाकीट काठावर टाकलं, "बसून ऱ्हावा बाई, आलोच" म्हणाला, आणि रोजच्यासारखा पाद्रीवर पाय टाकला.

पाद्री जागेवर नव्हता.

फॉन्सो आवाज न करता गेला. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. डोकं वर आलं, तोंड उघडं, परत खाली. मी पुलापाशी. मला पोहता येतं. पण मी टॉवेल छातीशी धरून उभाच राहिलो. असं का झालं ते मला सांगता येत नाही, आणि सांगण्यासारखंही काही नसेल त्यात.

हिल्डाबाई ट्यूब सोडून पाण्यात उतरली. चार हात मारले, मागनं त्याची कॉलर धरली आणि ओरडली, "उताणा हो! पाय पुढं, ढुंगण वर!" त्याचाच धडा त्याला. खेचत खेचत तिनं त्याला गोट्यांवर आणून टाकलं. तो पालथा पडून पाणी ओकत होता आणि ती पोरासारखी त्याची पाठ चोळत होती.

तेव्हा मी धावलो. सगळे गोळा झाले होते, केर्विन पण वर पळत आला होता. कुणी काही विचारायच्या आधी मीच म्हणालो, "पायात गोळा आला त्येच्या. थंड पाण्यानं येतो कवाकवा."

फॉन्सोनं माझ्याकडं बघितलं. खोडून काढलं नाही.

परतताना बसमध्ये हिल्डाबाई त्याच्या शेजारी बसली. "कुठल्या पायात?" तिनं विचारलं. त्यानं डावा दाखवला. तिनं तो मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं पोटरी दाबत राहिली. मधे एका चढावर तिनं पाणी प्यायला पाय सोडला. परत हात पुढं केला तेव्हा फॉन्सोनं उजवा पाय दिला. तिनं क्षणभर बघितलं आणि उजवा दाबायला लागली. आरशात मला त्याचं तोंड दिसत होतं. धक्का येईपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत.

त्यातनं सुटला असता. पण बाईनं जहाजावर जाऊन पत्र लिहिलं, त्यात असं: पायात गोळा असतानाही हा माणूस मला सोडवायला डोहात उतरला, असा शूर गाइड मी पाहिला नाही. ते पत्र फिरत फिरत आमच्या मॅडमकडं आलं.

ओर्लीन मॅडम म्हणजे शब्दाची पक्की बाई. रविवारी जहाज नसतं, तेव्हा तिनं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं, पत्र मोठ्यानं वाचलं, आणि म्हणाली, "चार नवी माणसं घेतलीत. बुडत्याला कसं काढायचं ते सोमवारपासून फॉन्सो शिकवील."

टाळ्या पडल्या. केर्विननं त्याच्या पाठीत थाप घातली. फॉन्सो उभा राहिला. मला वाटलं, आता दोन विनोद करून बसेल.

"मॅडम, मला पोहता येत न्हाय."

शेड हसून फुटली. केर्विन म्हणाला, "आन मला श्वास घेता येत न्हाय."

फॉन्सो हसला नाही. उभाच राहिला. हसू एकेकाच्या तोंडावरनं उतरत गेलं.

"गोळा आला नव्हता," तो म्हणाला. "म्या बुडत व्हतो. त्या बाईनं काढलं."

मॅडमनं पत्राची घडी घातली. "अकरा वर्सं?"

"व्हय."

"मी तुज्या भरवशावर लोकांची लेकरं पाण्यात घातली, फॉन्सो."

"व्हय, मॅडम."

"आन आज कसं सुचलं?"

"म्या आजवर शिकवलं ते काठावरचं. ह्यास्नी पाण्यात उतरून दावाया लागंल." त्यानं नव्या चौघांकडं हात केला, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. "ह्यांच्यापैकी एकजण जरी माझ्या नादानं गेला, तर मला तोंड कुठं दाखवू?"

मग मॅडमनं विचारलं, "कुणाला ठावं व्हतं?"

मॅडमची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "हेस्केथ, तू तर ह्येचा शेजारी. गोळा आला म्हणून तूच सांगितलंस. तुला ठावं व्हतं?"

माझ्या मानेवर त्या गुड फ्रायडेची नखं परत रुतल्यागत झाली. बसची किल्ली मुठीत होती. मी म्हणालो, "न्हाय."

फॉन्सोनं मान वर केली नाही. "त्येला काय ठावं, मॅडम," तो म्हणाला. "त्यो बस चालवतो."

त्याच दुपारी त्यानं आपलं जाकीट खुंटीला लावलं आणि घरी गेला. मॅडमनं हाकललं नाही, तिनं जा म्हणायच्या आधीच तो गेला. गावात चार महिने पोरं त्याला बघून ढुंगण वर करून चालायची. मा तितीननं दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, "फॉन्सो, आंघोळ तरी येतीया का रं?" तो म्हणाला, "तांब्यानं येतीया, मावशे." पुढं त्यांनाच कंटाळा आला आणि ते थांबलं.

आता तो आईच्या जमिनीच्या तुकड्यात अळकुड्या लावतो, बाजाराला नेतो. मी अजून बस चालवतो. नवीन गाइड कार्डावरनं वाचून दाखवतात, दागिने जहाजावर ठेवा, पायात बूट घाला. पाहुणे ऐकतात, हसत नाहीत.

मागच्या शनिवारी बाजारात त्यानं मला हाक मारली. तीन मोठ्या अळकुड्या माझ्या पिशवीत टाकल्या. शेडमधल्या त्या माझ्या 'न्हाय'बद्दल मला काहीतरी बोलायचं होतं. वर्षभर बोलायचं होतं. त्यानं माझ्या बसच्या मागं वाकून बघितलं आणि म्हणाला, "मागलं टायर पार गुळगुळीत झालंय. त्या घाटातनं मानसं नेतोस. मॅडमला सांग, गप बसू नगंस."

"सांगतो," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मॅडमकडं गेलो. ती खुर्चीत बसली होती, समोर कोकोचा चहा, दुसरं कुणी नव्हतं. "काय रं हेस्केथ?" तिनं विचारलं.

मी तिला टायरचं सांगितलं. तेवढंच सांगितलं.