महामायाचा कोच

तुमच्या दारापर्यंत डांबर आलंय ना? मग सांगा, ते यावं म्हणून तुमच्या घरातल्या कुणाला राष्ट्रीय सुवर्णपदक आणावं लागलं होतं का? महामायानं आणलं, आणि त्या पदकानंच तिच्या वस्तीचा रस्ता अडवला. हसू नका, आधी ऐका.

नायगावहून देगलूरकडे जाताना एक फाटा लागतो. फाट्यापासून गावापर्यंत सिमेंट. गावापासून सरपंच शेषेरावांच्या आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या घर-गोठ्यापर्यंत, सिमेंट. बौद्ध वस्तीकडे वळलं की मात्र रस्त्याला एकाएकी लाज वाटते आणि तो मातीत तोंड लपवतो. माती काळी, चिकट. पावसात चप्पल धरली की सोडायचं नाव नाही.

आठवीत शाळेकडून सायकल मिळाली तेव्हाच महामायानं स्वतःचा कायदा केला, पाय टेकायचा नाही. टेकला की चप्पल गेली, आणि चप्पल गेली की तिची माय सरजाबाई हिचं भाषण सुरू. मग खड्ड्याच्या काठानं, बाभळीच्या मुळांवरून, दगडांवरून उड्या मारत पोरगी शाळेत जायची. येताना मागं दळणाचा डबा.

पुढं नांदेडला कॉलेजात तिला पायऱ्यांवरून सायकल उतरवताना खेळाच्या सरांनी पकडलं. सर रागवायला आले आणि नाव लिहून घेऊन गेले. डोंगरात, झाडीत, दगडधोंड्यांतून आखलेल्या वाटेवर सायकलीनं फेऱ्या मारायच्या, याला क्रॉसकंट्री म्हणतात असं त्यांनी समजावलं. महामाया म्हणाली, "आमच्यात याला दळण आणणं म्हणतात, सर."

राज्यात ती आधी तिसरी आली. पुढच्या वर्षी उतारावर आपटून खांद्याजवळचं हाड मोडून घरी आली. सरजाबाईनं हळद-दूध हातात दिलं आणि वर सुनावलं, "लगीन होईस्तोवर हाडं तरी पुरी ठेव गं!" त्याच्या पुढच्या वर्षी ती राज्यात पहिली.

राष्ट्रीय शर्यतीच्या दिवशी पाऊस कोसळला. वाटेचा चिखल झाला. महागड्या सायकलींच्या पोरी उतरल्या, सायकली खांद्यावर घेऊन चालू लागल्या. महामाया उतरली नाही. काठाच्या गवतावर चाक धरून, मुळांवरून उचलून, ती एकेकीला मागं टाकत गेली. शेवटच्या फेरीत पुढं कुणीच नव्हतं.

एका पत्रकारानं विचारलं, "तुमचे कोच कोण?"

धाप लागलेली, तोंडावर चिखल, तरी जीभ थांबेना. "आमच्या वस्तीचा रस्ता!"

पेपरात तेच मोठ्या अक्षरांत आलं. सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ते चाललं असतं. पण शेषेरावांनी ते कात्रण फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावलं आणि जाहीर केलं, "ह्या रस्त्याला आता हात लावायचा न्हाई. चॅम्पियन घडवणारा रस्ता हाय. इथं 'महामाया ट्रॅक' म्हणून कमान उभी करू." वस्तीसाठी मंजूर झालेली खडी आखाड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पडली.

महामाया पदक घेऊन घरी आली तर माय चुलीपाशी पाठ करून बसलेली.

"सायकलीला इतके गिअर, तोंडाला एक बी न्हाई का गं? आम्ही बाया तहसीलसमोर उन्हात बसून रस्ता मंजूर करून घेतला. तू एका बोलण्यात उडवलास."

"माय, थट्टा केली गं मी."

"तुझी थट्टा झाली. गॅसची टाकी फाट्यावरून मलाच आणायची हाय."

सरजाबाईचा गुडघा त्याच रस्त्यात पडून अधू झालेला. महामायानं सरपंचाला निरोप धाडला, तुम्ही ठरवलेला सत्कार घेते, पण गावच्या चावडीवर नाही. वस्तीत, विहारासमोर.

शेषेरावांना नाही म्हणता येईना, फोटोवाले सांगून ठेवलेले. सत्काराच्या सकाळी सरीवर सरी आल्या. सरपंच पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पायात नवे कोरे बूट. जीप पहिल्याच खड्ड्यात बसली. ताशेवाले पुढं, मागं सरपंच पायी, आणि शेजारून महामाया सायकलवर, गोगलगायीच्या चालीनं, पाय न टेकता.

अर्ध्या वाटेत शेषेरावांचा पाय रुतला. त्यांनी ओढला. पाय आला, बूट राहिला.

"पोरी, हात दे गं!"

"कोचला भेटला न्हवं, काका? लई कडक हाय बघा."

वस्तीतल्या बाया पदरात तोंड घालून हसू लागल्या. तोल सावरता सावरता दुसरा बूटही गेला. ताशेवाल्याला चेव चढला. "बंद कर ते!" शेषेराव ओरडले.

तेव्हा महामाया उतरली. त्या चिखलात तिनं पहिल्यांदा आपणहून पाय टेकला आणि त्यांना हात दिला. म्हणाली, "जिंकले मी, काका. रस्त्यानं फकस्त चपला खाल्ल्या. मी सरावाला डोंगरात जाईन. माय टाकी घेऊन कुठं जाईल?"

फोटोवाल्यांनी नेमका तोच फोटो काढला. कमानीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि आठवड्याभरात खडी पडली. कुठपर्यंत? जिथं सरपंचाचे बूट गेले, बरोबर तिथपर्यंत. त्यापुढं विहारापर्यंत अजून काळी मातीच आहे, आणि सरजाबाईची टाकी अजून तिच्याच डोक्यावर.

म्हणून एवढं काम करा. देगलूरच्या बाजारात शेषेराव भेटले तर नमस्कार घाला. चहा पाजला तर प्या, माणूस चहाला चांगला आहे. आणि कप खाली ठेवता ठेवता, चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्यानं, विचारा, "काका, महामायाच्या कोचला रिटायर कधी करताय?"