इंजिनावरच्या अक्षता

कंधारच्या फाट्यावर जुनी पांढरी जीप दिसली की समजायचं, उज्वला आली. गावातल्या पोरी तिच्याच जीपनं कंधारच्या शाळेत जातात. ड्रायव्हर बाई आहे म्हणून तर आईबाप निर्धास्त. नाहीतर यातल्या निम्म्या पोरींची शाळा सातवीतच आटोपली असती. आटोपली असती म्हणजे कुणीतरी आटोपवली असती. आपल्याकडं या गोष्टी आपोआप होत नसतात.

तर गेल्या दिवाळीच्या तोंडावर या जीपनं मान टाकली. मागून पांढरा धूर, रेडिएटरातलं पाणी रोज गायब, आणि ऑइल बघितलं तर ताकासारखं. कंधारच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून मिटलं आणि निकाल दिला, "हेडचं पॅकिंग गेलं. जुनं इंजिन हाय, नादी लागू नका, इकून टाका." हे त्यानं उज्वलाकडं न बघता तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं. तो बिचारा पंक्चर काढायला आला होता.

जीप होती सासूच्या, पार्वतीबाईच्या नावावर. पण पार्वतीबाई त्या जीपमध्ये कधी बसल्या नव्हत्या. "बाईच्या हातची भाकर खावी, बाईच्या हातच्या गाडीत बसू न्हाई," असं म्हणून त्या थाटात एसटीनं जायच्या. उज्वलाचा नवरा भागवत लातूरला दाळमिलमध्ये कामाला. त्यानं फोनवरच गिऱ्हाईक ठरवलं.

"मी दुरुस्त करते," उज्वला म्हणाली.

"तू?" भागवत एवढा हसला की फोन कट झाला, निदान तो तरी तसंच सांगतो.

पार्वतीबाईंनी दोघांच्या मध्ये पडून तोडगा काढला. "दिवाळीची सुट्टी सरंस्तोर बघ म्हनावं तिला. न्हाई झाली तर इकायची."

उज्वलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. जीप गेली तर पोरी घरी बसणार हे तर होतंच, पण या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच होतं, कागदावर नाव कुणाचंही असो.

माहेरी विहिरीवरचं डिझेल इंजिन बाप उघडायचा, तेव्हा सुटे भाग धुऊन द्यायचं काम तिचं. पाना-पकडीची ओळख तिथली. पण इंजिनाचं हेड स्वतः कधी उतरवलं नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ लावून तिनं अंगणात लिंबाखाली ताडपत्री अंथरली, पाणी काढलं, एकेक भाग सोडवला. वरचे लांब दांडे ज्याचे त्याच जागी परत बसले पाहिजेत, म्हणून साडीच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ओळीनं खोचून ठेवले. हेड काही एकटीला उचलेना. शेजारच्या सरजाबाईला हाक मारली. दोघींनी कासरा बांधून, मुसळ घालून ते पालखीसारखं उतरवलं.

जुनं पॅकिंग एका जागी जळून फाटलं होतं. हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामधली ही एवढीशी पातळ पट्टी. पण ती फाटली की पाणी, तेल आणि जाळ एकमेकांच्या घरात घुसतात. उज्वलानं हेड लेथ मशीनवर घासून सपाट करून आणलं. ठोकळ्याच्या तोंडावरचा जुना चिकटा खरवडून, सिलिंडरांत चिंध्या कोंबून, ते तोंड तिनं इतकं पुसलं की बोट फिरवलं तरी काही लागू नये. इथं एक कण राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात. हे तिला पक्कं माहीत होतं. मग ती नवं पॅकिंग आणायला घरात गेली.

बाहेर येऊन बघते तर पार्वतीबाई हातात ताट घेऊन उभ्या. इंजिनावर हळद, कुंकू आणि वर मूठभर अक्षता!

"आत्या! काय करायल्या तुम्ही?"

"काय म्हंजी? पूजा. नवं पॅकिंग घालायलीस न्हवं? देवाचं नाव घिऊ न्हाई का?"

उज्वलाच्या तोंडाशी नको ते शब्द आले होते. कुंकवाचे तांदूळ पाण्याच्या भोकांपर्यंत पोचले होते. तिनं रागानं ताट हिसकावलं, आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात उजेड पडला. विकायची गाडी कोण पूजतं?

तिनं सासूकडं बघितलं. पार्वतीबाईंनी तोंड फिरवलं, मग हळूच विचारलं, "लई वंगाळ झालं का?"

"एक दाणा राहिला तरी बिघडलं, आत्या."

"मंग सरक तिकडं. तांदूळ निवडन्यात जलम गेला माझा." आणि चष्मा लावून, पदर खोचून ती म्हातारी इंजिनावर वाकली. हेअरपिननं एकेक दाणा टिपून ताटात टाकत गेली. वर सुनेला ऐकवत होती, की पूजा झाली ती झालीच, आता काढली तरी देवाला कळलंय. मग उज्वलानं सायकलच्या पंपानं हवा मारून सगळं पुन्हा पुसलं.

नवं पॅकिंग ठेवून, सरजाबाईच्या मदतीनं हेड वर बसवलं आणि बोल्ट आवळायची वेळ आली. आधी मधले, मग बाहेरचे, थोडेथोडे करून, पुन्हा पहिल्यापासून.

"एकदाच का न्हाई आवळत?"

"कडा आधी दाबल्या तर मधे उचलतं."

"भाकरीवानीच की," पार्वतीबाई म्हणाल्या. "मधूनच थापावी लागती."

सगळं जोडून उज्वलानं चावी फिरवली. नुसती घरघर. डिझेलच्या नळीतली हवा काढली, पुन्हा फिरवली. इंजिन खोकलं, पेटलं, आणि मागून पांढरा धूर! सरजाबाईनं तोंडाला पदर लावला. उज्वला रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून पाण्यावर नजर लावून उभी राहिली. एक बुडबुडा नाही, म्हणजे पॅकिंगनं धरलं होतं. सायलेन्सरमधलं जुनं पाणी जळून गेलं तसा धूर विरला आणि इंजिन एका सुरात चालायला लागलं. उज्वलाला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी पोरी जीपभोवती जमल्या. पुढच्या शिटासाठी नेहमीचं भांडण सुरू होतं. तेवढ्यात नवं लुगडं नेसलेल्या पार्वतीबाई आल्या.

"सरका गं. म्होरं मी बसनार हाय."

पारावरून कुणीतरी ओरडलं, "पार्वतीकाकू, आज येष्टी चुकली का?"

"चुकली न्हाई, सोडली," पार्वतीबाई म्हणाल्या आणि सगळ्या पाराला ऐकू जाईल एवढा आवाज लावला. "लोकं घर बांधत्यात. आमच्या सुनेनं इंजिन बांधलंय!"