टाकीचं गानं

अकोटच्या स्टँडवर पुन्याची गाडी लागली, तवा बाजूले प्रचाराचा ऑटो भोंगा लावून उभा होता. म्या खिडकीतून त्याच उमेदवाराचा आवाज काढला, "बंधू-भगिनींनो, पानी येईनच." अर्धी यष्टी हासली. बाबा खाली उभे होते, ते हासले नाई. म्हने, "आवाज कोनाचाबी काढ, शब्द आपला सोडू नको."

बाबा जयंतीले ढोलकी घेऊन गाते. आमच्या वस्तीत टाकी बांधली, अन् पानी गेलं या उमेदवाराच्या गल्लीत. त्याच्यावर बाबानं गानं जोडलं होतं, "टाकी आमच्या दारी, पानी त्याच्या घरी." मी कोरसमंदी. मले ते निस्तं टाळ्या पिटाचं गानं वाटे. माय रोज डोक्यावर पान्याचे दोन गुंड घेऊन हापशीवर जाये, हे तवा गान्यात दिसतच नोतं.

पुन्यात मी प्रचाराची गानी बनवनाऱ्या स्टुडिओत लागलो. इथं मी चहा इचारला तरी लोकाईले वाटते, भांडून राहिला. पन माइकसमोर आपला भाव मोठा. एक दिवस वऱ्हाडी गान्याची ऑर्डर आली. घाई होती, तोंडात बाबाची चाल होती. म्या लिवलं, "टाकी आली दारी, पानी घरोघरी." साहेब खूश. मंग उमेदवाराचं नाव आलं. तोच तो. तरी म्या रेकॉर्ड केलं. वर हासलोबी.

यंदा जयंतीले घरी गेलो. बाबानं थाप देली, पयली ओळ उचलली, अन् साऱ्या पोट्ट्याईनं माही ओळ म्हटली, प्रचाराच्या ऑटोवर वाजलेली. नाचून राहिले बाप्पा, मांगं टाकी कोरडी ठन्न. बाबानं ढोलकी माह्या मांडीवर ठेवली.

"तू शिकवलं, आता तूच इसरव."

साऱ्या पुढाऱ्याईचे आवाज काढतो मी. त्या दिवशी माहा कोनता, तेच सापडेना. फाटक्या गळ्यानं बाबाची ओळ म्हटली. एक पोट्टी म्हने, "दादा, तुमी चुकून राहिले."

आता दर रविवारी फोनवर पोट्ट्याईकून ते गानं म्हनून घेतो. दोन कडवे बरोबर जाते, मंग एखादं पोट्टं माह्या ओळीवर घसरते. बाबा फोन धरून बसते. इकडं माह्या रूमवर नळाले चोवीस तास पानी. भांडे घासतानी तो बंद करतो, पुन्हा चालू करतो, पुन्हा बंद करतो.

तुमच्यापैकी कोनी अकोटले गेलं, तर आमच्या वस्तीतून एक चक्कर मारा. माहा फोन नसतानी पोट्टे कोनती ओळ म्हनून राहिले, तेवढं मले कळवा. बाबाची असली, तर दुसऱ्याच दिवशी मी अकोटच्या गाडीत बसतो.