काम लांबवायचं कंत्राट

“काम सावकाश कर,” सामंत साहेब म्हणाले.

मला वाटलं, फोनमध्ये खरखर आहे. आखातातल्या बांधकामाच्या धंद्यात मी तेव्हा बारा वर्षं काढली होती आणि ‘यल्ला यल्ला’, म्हणजे ‘चला, आटपा’, याखेरीज दुसरं काही कानावर पडलं नव्हतं. म्हणून पुन्हा विचारलं, “लवकर ना, साहेब?”

“सावकाश म्हणालो. जमेल तितकं लांबव. क्लाएंटचीच तशी इच्छा आहे. आणि हे बघ पाटणकर, हे काम वेळेत झालं तर तू आणि मी, दोघंही घरी.”

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. सामंत साहेबांची शारजात छोटी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी होती आणि मी तिचा साइट इंजिनियर. काम होतं शारजाच्या पुढे, उम्म अल कुवैन या छोट्या अमिरातीत. तिथल्या जुन्या वस्तीत, खाडीच्या काठावर, एक पडीक दगडी घर. दगड म्हणजे समुद्रातून काढलेला पोवळ्याचा दगड, हाताला खरखरीत आणि भोकाभोकांचा. भिंती हातभर जाड. छत खारफुटीच्या बल्ल्यांचं, त्यावर खजुराच्या झावळ्यांच्या चटया आणि वर मातीचा थर. असं घर पुन्हा राहण्याजोगं करायचं होतं.

घराचे मालक अबू सैफ. अबू सैफ म्हणजे सैफचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने माणसाला हाक मारतात. वय सत्तरीच्या पुढे. बायको गेल्यावर ते मुलांकडे मोठ्या व्हिलात राहत होते. एक दिवस जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, मी खाडीवरचं जुनं घर नीट करणार आणि तिथे राहायला जाणार.

मुलगा सैफ याचा चांगला मोठा ट्रेडिंगचा व्यवसाय. इंडस्ट्रियल एरियात त्याला एक प्रचंड वेअरहाउस बांधायचं होतं, आणि ते काम आम्हाला मिळावं म्हणून सामंत साहेब त्याच्या ऑफिसात खेटे घालत होते. सैफने मला बोलावून घेतलं, दार लावलं आणि अडचण सांगितली. वडिलांना तोंडावर नाही म्हणणं शक्य नाही. पण म्हातारा माणूस खाडीकाठी एकटा राहायला गेला, तर सगळं गाव म्हणणार की मुलांनी बापाला घराबाहेर काढलं.

“तो आप काम शुरू करो,” सैफ म्हणाला, “लेकिन खतम मत करो. गर्मी आने दो. जूनमध्ये... जून में एसी के बिना कौन रहेगा? बाबा खुद भूल जाएगा, इन्शाल्ला. और उनको ये बात मालूम नहीं होना चाहिए.”

मराठी माणसांबरोबर इतका धंदा केल्यामुळे त्याच्या हिंदीत मधूनच मराठी यायचं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, काम लांबवणं आमच्या धंद्यात शिकवावं लागत नाही. ते आपोआप होतं.

या कामासाठी आम्ही बिऱ्हाड उम्म अल कुवैनला हलवलं होतं. रस्त्यावर माणूस दिसत नाही म्हणून बायको, नीलिमा, आधीच वैतागलेली. तिला सैफची अट सांगितली तर ती हसत सुटली. “अहो, आजवर उशीर झाला म्हणून बोलणी खाल्लीत. आता उशिराचा पगार घ्या!”

मला हसू येत नव्हतं. आखातात नोकरी आणि व्हिसा ही एकच वस्तू असते. नोकरी गेली की देश सोडायचा. मुलीची शाळा नुकतीच पुन्हा बदलली होती. “बाबा, आर वी मूव्हिंग अगेन?” असं ती आठवड्यातून एकदा तरी विचारायची. तेव्हा काम लांबवणं भागच होतं.

सुरुवात परवान्यापासून केली. जुन्या घराला हात लावायचा तर बलदियाची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते. अर्धवट ड्रॉइंग द्यायचं, ते परत येतं, दुरुस्त करायचं, पुन्हा परत येतं. यात दोन महिने सहज जातात. मी मुद्दाम छताचा तपशील नसलेलं ड्रॉइंग नेलं. काउंटरवरच्या माणसाने नाव वाचलं. “अबू सैफ का घर? उधर मैं छोटा था तब खजूर खाया है!” त्याने खिशातलं पेन काढलं, छत स्वतः काढून दिलं आणि दुपारच्या नमाजाआधी शिक्का मारला. वर मला कॉफी पाजली.

मग माल. गिलाव्याचा चुना मी मुद्दाम अशा सप्लायरकडून मागवला, ज्याने आमच्या कुठल्याही साइटवर सांगितलेल्या आठवड्यात कधी माल टाकला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटवर पोहोचतो तर ट्रक उभा. सप्लायर स्वतः आलेला, चेहरा हसरा. “पाटणकर साहब, हमारी बहुत बदनामी हो गई है. इस बार से सब टाइम पे.” सुधारायला त्याला नेमका हाच मुहूर्त सापडला होता.

मी सामंत साहेबांना फोन केला. “मला कामाला वाईट माणसं द्या.”

“वाईट म्हणजे कशी?”

“आळशी. भांडकुदळ. जमल्यास दोन्ही.”

साहेबांनी मजुरांच्या कॅम्पातून शोधून शोधून आठ जण पाठवले. त्यांच्यावर फोरमन म्हणून गुल खान, पेशावरकडचा पठाण. त्याच्याबद्दल अशी ख्याती होती की प्रत्येक साइटवर त्याचं कोणाशी तरी वाजतं आणि काम बंद पडतं. मला हायसं वाटलं.

पण अबू सैफ रोज सकाळी हजर. वाळूवर चटई टाकून बसायचे, म्हणजे सुरुवातीला बसायचे. तरुणपणी खजूर घेऊन गलबतातून मुंबईच्या फेऱ्या केलेल्या, त्यामुळे हिंदी फर्डी. दुपारी ते सगळ्यांसाठी मासे आणि भाताचं मोठं ताट मागवायचे आणि त्याच ताटात आमच्याबरोबर जेवायचे. आठवड्याभरात ते चटई सोडून दगड वेचायला लागले. मग गिलावा कालवायला. गुल खान त्यांना बिनदिक्कत हुकूम सोडायचा, “हाजी साब, पानी कम है! हाजी साब, वो बल्ली पकड़ो!” आणि सत्तरीचा तो मालक लगबगीने बल्ली पकडायचा.

परिणाम असा झाला की माणसं झपाटल्यासारखी कामाला लागली. समोर समुद्राचा वारा, पोटात गरम भात आणि मालक स्वतः बरोबरीने राबतोय. शुक्रवारी सुट्टी असूनही येऊ लागली. लोकांनी काम करावं म्हणून मी आयुष्यभर ओरडलो, पण ‘बसा जरा’ म्हणून ओरडायची वेळ पहिल्यांदाच आली. एकदा मी गुल खानला म्हटलं, “आज जल्दी छुट्टी करो, घर जाओ.” त्याचा चेहरा पडला. “साब, हमारे काम में क्या कसूर है?” काम सुंदर होतं. हीच तर तक्रार होती.

इकडे सैफ दिवसातून तीनदा माझा पेजर वाजवायचा. परत फोन केला की एकच प्रश्न. “कितना हुआ?” मी म्हणायचो, थोडं. तो म्हणायचा, “थोड़ा भी क्यों हुआ?”

शेवटी मी ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की झुकली आहे ते त्यावरून कळतं. पोवळ्याच्या दगडाची जुनी भिंत ओळंब्यात कधीच नसते. मी दोरी लावली, मान हलवली आणि गंभीर आवाजात सांगितलं की मागची भिंत झुकलेली आहे, सगळी उतरवून पुन्हा बांधावी लागेल. मला वाटलं, म्हातारबुवा चिडतील.

“बिल्कुल!” अबू सैफ म्हणाले. “तोड़ो! पूरी तोड़ो!”

इतका खूष झालेला क्लाएंट मी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी माणसं गेल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि खाडीच्या कडेला नेलं. आजूबाजूला कोणी नाही ना, ते बघितलं.

“इंजिनियर, एक बात बोलूं? सैफ को मत बताना.”

“बोलिए, हाजी.”

“जल्दी मत करो.”

मी गोंधळून विचारलं, “आपको यहां रहने आना है ना?”

“यहां?” ते दचकलेच. “रात को? अकेला? पागल है क्या? एसी नहीं, टीवी नहीं, और मच्छर इतना बड़ा!” मग हळू आवाजात म्हणाले, “व्हिला में सब अच्छा है. सब बोलते हैं, बाबा बैठो. बाबा आराम करो. बाबा तुम रहने दो. सुबह से रात तक बैठो. इधर वो पठान मेरे को गाली देता है. बोलता है, हाजी, पानी कम है.” हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. “घर पूरा हो गया तो मैं कल सुबह कहां जाऊंगा?”

मला एकदम माझे वडील आठवले. मिरजेला खुर्चीत बसून असायचे. दर शुक्रवारी मी फोन करायचो आणि न चुकता सांगायचो, तुम्ही आता आराम करा. वाईट वाटलं. त्या शुक्रवारी फोनवर ते वाक्य तोंडातून निघेना. दुसरं काय म्हणावं ते सुचलं नाही आणि फोन लवकर ठेवला.

तर आता परिस्थिती अशी. मुलाला काम लांबवायचं होतं. बापाला काम लांबवायचं होतं. माझ्या साहेबांना आणि मला तर लांबवायचंच होतं. बापलेक दोघांनीही मला गप्प राहायची ताकीद दिली होती. आणि घर होत आलं होतं. कारण हे सगळं गुल खानला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायची सोय नव्हती, त्याच्या पोटात काही राहत नसे. पाडलेली भिंत त्याने पंधरवड्यात उभी केली, आधीपेक्षा देखणी. छताच्या बल्ल्या बसल्या. गिलावा झाला. सुताराला मी दारं पुन्हा करायला लावली, तर त्याने रविवारी मागितलेली दारं शनिवारी आणली. फेब्रुवारी संपायच्या आत घर पूर्ण. सगळ्या अमिरातीत त्या वर्षी वेळेत पूर्ण झालेलं हे एकमेव काम असावं.

सैफचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज थंड होता. “सामंत को बोलो, वेअरहाउस का बात खलास. मैं कल आता हूं, हँडओव्हर ले लूंगा.” नंतर सामंत साहेबांचा आला. “पाटणकर, तुला एक काम बिघडवायला सांगितलं, तेही तुला जमलं नाही?”

घरी नीलिमाने माळ्यावरच्या बॅगा काढून पुसायला घेतल्या. मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि या वेळी तिने काही विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

हँडओव्हरच्या दिवशी क्लाएंट घरभर फिरतो आणि खोट दाखवतो. इथे भेग आहे, तिथे दार घासतं. याला आम्ही स्नॅग म्हणतो. स्नॅग कमी निघावेत म्हणून कंत्राटदार देवाला हात जोडतो. मी त्या दिवशी जास्त निघावेत म्हणून जोडले होते. अबू सैफ खोल्याखोल्यांतून फिरले. प्रत्येक कोपऱ्यात वाकून बघितलं, भिंतीवर तळवा फिरवला, दारं उघडून मिटून पाहिली. मागे गुल खान हात बांधून उभा. त्याच्या देखत त्याच्या कामाला खोटी नावं ठेवणं त्या माणसाला जमेना.

“कुछ नहीं,” ते शेवटी म्हणाले. “सब बराबर है.”

अंगणात येऊन मी किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

“तो बाबा,” सैफ कसाबसा म्हणाला, “कब आएंगे आप इधर?”

अबू सैफनी किल्ल्यांकडे पाहिलं. “कल,” ते म्हणाले. आवाज असा, जणू कोणी तुरुंगात जायला सांगितलंय. सैफचा चेहरा त्यांच्याहून पांढरा. मला दोघांची कीव आली आणि स्वतःचीही आली. व्हिसा तर गेलाच होता. मग भीती कसली?

“सैफ साहब,” मी म्हटलं, “हाजी को यहां रहना नहीं है. उनको यहां सिर्फ काम करना है. वो चाहते हैं, ये घर कभी पूरा ही न हो.”

अबू सैफ कडाडले, “मैंने बोला था, इसको मत बताना!”

“मैंने भी बोला था, चुप रहो!” सैफही ओरडला.

“तूने?” म्हातारबुवा मुलाकडे वळले. “तूने इसको क्या बोला था?”

सैफ अडखळला. मग मान खाली घालून सगळं सांगितलं. वेअरहाउस, उन्हाळा, लोक काय म्हणतील, सगळं. मला वाटलं, आता बापलेकांचं जुंपणार. तसं झालं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम माझ्याकडे वळले. विश्वासघातकी इंजिनियर, पोटात काही राहत नाही, अशा माणसाला घरात घेऊ नये. अरबी आणि हिंदीत, आळीपाळीने, बराच वेळ. बोलून दमल्यावर अबू सैफ हसू लागले. सैफही हसला. मग दोघं एकाच गाडीत बसून जेवायला निघून गेले. मला कोणी चल म्हटलं नाही. गुल खान मला म्हणाला, “साब, मैं कुछ समझा नहीं.” मी म्हटलं, तेच बरं.

दुसऱ्या दिवशी सामंत साहेबांचा फोन. सैफने वेअरहाउसचं काम दिलं होतं. आणि खाडीवरच्या घराला समुद्राच्या बाजूने आणखी एक खोली काढायची होती. मुदत घातलेली नव्हती. अट एकच, फोरमन तोच हवा.

त्या खोलीनंतर होड्या ठेवायची शेड झाली. शेडनंतर कंपाउंडची भिंत. भिंतीनंतर पुन्हा एक खोली. काही वर्षांनी मी भारतात परतलो तेव्हा पाचव्या खोलीचा पाया चालू होता आणि अबू सैफ चुना कालवत होते. माझ्या मुलीचं शिक्षण त्याच शाळेत पूर्ण झालं. त्या घरात कोणी एक रात्रसुद्धा झोपलं नाही.

आता मी पुण्यात छोटी कामं घेतो. काम कधी संपवून हवं, हे मी क्लाएंटला नंतर विचारतो. आधी विचारतो, काम संपल्यावर तुम्ही काय करणार? बऱ्याच जणांना उत्तर देता येत नाही. अशांची कामं लांबतात, म्हणून त्यांच्याकडून ॲडव्हान्स जरा जास्त घेतो.