वैशालीच्या बाल्कनीतलं कपाट

माझी भावजय वैशाली हिच्या घरात पाऊल टाकलं की आपण कुठे आलो ते आधी नाकाला कळतं. संत्र्याच्या साली, गूळ, कडुलिंब आणि शिवाय एक आंबूस वास, जो कशाचा आहे ते विचारायची सोय नाही. विचारलं की ती दाखवते, आणि दाखवायला लागली की चहा राहून जातो.

बाळकुमला सातव्या मजल्यावर तिचा आणि माझ्या धाकट्या भावाचा, राजरत्नचा, फ्लॅट आहे. स्वयंपाकघरामागची अरुंद बाल्कनी बिल्डरने वॉशिंग मशीनसाठी काढलेली. वैशालीने मशीन बाथरूममध्ये कोंबलं आणि बाल्कनीत एक कपाट उभं केलं. त्यात रिठे, शिकेकाई, तुरटी, धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व, सुकवलेल्या लिंबाच्या साली. साबण नाही, पावडर नाही, फिनाईल नाही. राजरत्न म्हणतो, आमच्याकडे चोर आला तर कपाट उघडून शिंकत परत जाईल.

हे खूळ तिला हौसेने लागलेलं नाही. लग्न होऊन ती आमच्या कल्याणच्या चाळीत आली तेव्हा टेलिफोन खात्यात नोकरीला होती. सकाळी सगळ्यांचे कपडे धुवायची आणि दिवसभर खाजऱ्या, भेगाळलेल्या हातांनी काम करायची. माझ्या आईने, रमाबाईने, ते पाहिलं आणि एक दिवस धुण्याची पावडर मोरीत ओतून टाकून सुनेच्या पुढ्यात रिठ्याचं पाणी ठेवलं. हात बरे झाले. तेव्हापासून वैशाली रिठ्याची झाली ती झालीच.

सामान ती अजूनही कल्याणहूनच आणते. ठाण्यात मिळत नाही असं नाही, पण तिला पटत नाही. बाळकुम नाक्यावर बस धरायची, भिवंडीवरून धक्के खात कल्याण गाठायचं आणि जुन्या बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानात ठाण मांडायचं. एकदा मी डोंबिवलीहून तिच्या सोबतीला गेले आणि पस्तावले. ती एकेक रिठा कानाशी धरून हलवते. आतली बी वाजली तर फळ नीट वाळलेलं. मग साल बोटांत चुरडून बघते, चिकट लागली पाहिजे. तुरटीचा खडा उजेडात धरून आरपार बघते. दुकानदार तिला बघितलं की स्टूल पुढे सरकवतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, कारण त्याला माहीत असतं, या बाईंचं एवढ्यात उरकायचं नाही.

"अगं, मुलगी बघायला आलीयेस की रिठे घ्यायला?" मी म्हटलं.

"ताई, मुलीत एखादी खोट चालते," ती म्हणाली. "रिठ्यात नाही चालत."

आणल्यावर सगळं उन्हात. मग रिठे कापडी पिशवीत कडुलिंबाच्या पाल्यासकट, सोडा काचेच्या बरणीत, लिंबूसत्त्वाच्या बरणीचं झाकण मेणकापड लावून घट्ट. फरशी पुसायला संत्र्याच्या साली गुळाच्या पाण्यात आंबत घातलेल्या बाटलीचं झाकण मात्र रोज सैल करायचं, नाहीतर ती फुटते. एकदा फुटलीसुद्धा. शेजारच्या वासंतीबाईंना वाटलं सिलिंडर फुटला. मी या सगळ्याची यथेच्छ टिंगल करत आले, आणि वैशालीने कधी मनाला लावून घेतलं नाही.

तर यंदा तिच्या मुलीचं, ऋजुताचं, लग्न ठरलं. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. ऋजुता दुकानातल्या साड्या बघून बघून वैतागली आणि एक दिवस मला फोन करून म्हणाली, "आत्या, आजीची साडी देशील?"

आईची साडी म्हणजे पांढरी सुती, बोटभर निळ्या काठाची. बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला नेसायची, एरवी हात लावू द्यायची नाही. आई गेल्यावर तिच्या वस्तूंतली तेवढी एकच मी मागून घेतली होती. माझ्या कपाटात ती पडून पडून पिवळी पडली होती. द्यायची म्हटल्यावर माझ्या जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. पण पोर एवढ्या प्रेमाने मागतेय, नाही कसं म्हणणार? साडी बाळकुमला नेऊन दिली आणि वैशालीला बजावलं, "लग्न झालं की जशीच्या तशी परत हवी. आईचं माझ्याकडे एवढंच आहे."

"काळजी नका करू ताई," ती म्हणाली. "आईंच्याच रिठ्याने धुते."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी मदतीला तिथेच राहायला गेले. घरात केळवणाचा गोंधळ. पाहुणे, पुरणाचं पातेलं, भाताचं पातेलं, दुधाचं पातेलं. अशात वैशालीने सकाळी रिठे उकळले, वासासाठी चार शिकेकाईच्या शेंगा टाकल्या, पाणी गाळलं, साडी भिजवली, हलक्या हाताने खळबळून गच्चीवर सावलीत वाळत घातली. दुपारी आम्ही दोघी ती काढायला गेलो.

पदरावर काळपट करडे डाग पडले होते. एक नाही, पाच-सहा, तळहाताएवढे. पिवळेपणा गेला होता आणि त्या शुभ्र पदरावर ते आणखीच उठून दिसत होते.

माझं डोकं फिरलं. मी तिथे गच्चीवर, शेजाऱ्यांचे पापड वाळत असताना, तिला नको नको ते बोलले. "आईची साडी होती ती, वैशाली. तुझ्या प्रयोगांना दिली नव्हती. दुसरी कुठून आणशील?" ती साडी खांद्यावर टाकून जिना उतरली. मी मुद्दाम मागे थांबले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसायला नको होते.

बऱ्याच वेळाने खाली आले तर वैशाली बाथरूममध्ये साडीसमोर पाटावर बसलेली. हातात ब्लीचची बाटली. कोपऱ्यावरच्या दुकानातून धावत जाऊन आणली होती. या घरात इतक्या वर्षांत असली बाटली आलेली मी पाहिली नव्हती. ती झाकण फिरवत होती, पण तिला ते उघडता येत नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

"माझं राहू द्या, ताई. माझं सगळं फुकट गेलं. ह्याने तरी निघतील डाग."

तिचा चेहरा बघितला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. या बाईने पाहुण्यांनी भेट दिलेलं सुगंधी लिक्विडसुद्धा वॉचमनला देऊन टाकलं होतं. तिने ती बाटली विकत आणली, म्हणजे किती घाबरली असेल.

मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "इतकं जुनं सूत आहे. हे ओतलंस तर डागाच्या जागी भोक पडेल. मला सांग, राजरत्नच्या शर्टाला खिळ्याचा गंज लागला होता, तो कशाने काढलास?"

"लिंबूसत्त्वाने."

"मग आता डोकं चालव की. बरण्या घरात कशाला भरून ठेवल्यात?"

"पण हा गंज नाहीये, ताई. साडी लोखंडाला लागलीच नाही कुठे..." ती बोलता बोलता थांबली. उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालची कढई घेऊन आली. लोखंडी. रविवारी केसांना लावायला आवळा-शिकेकाई ज्यात उकळतात ती.

"पातेली सगळी अडकलेली," ती हळूच म्हणाली. "रिठे मी ह्याच्यात उकळले. वर शिकेकाई टाकली. आणि ते पाणी आधी पदरावरच ओतलं."

शिकेकाई लोखंडात काळी पडते. केस काळे दिसावेत म्हणून तर ती त्यात उकळायची. हे तिला माझ्याहून दसपट जास्त ठाऊक होतं, पण रिठ्याचं पाणी मुळातच तपकिरी, त्यात तो काळेपणा दिसलाच नाही.

आम्ही मेणकापड लावलेली लिंबूसत्त्वाची बरणी काढली आणि चमचाभर पाण्यात विरघळवलं. आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर थेंबभर लावून बघितलं. काठाचा निळा रंग हलला नाही. मग एकेक डाग ओला केला. मी पदर ताणून धरला होता, ती कापसाच्या बोळ्याने टिपत होती. करडा डाग फिका झाला, पिवळसर झाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत गेला. शेवटचा डाग गेल्यावर तिने साडी कितीतरी पाण्यातून काढली, मी आता पुरे म्हणेपर्यंत.

लग्नात ऋजुता त्या साडीत अशी दिसत होती की वंदना सुरू झाली तरी माझं लक्ष पदराकडेच. एक डाग नाही.

लग्नाची पाहुणेमंडळी पांगल्यावर वैशाली डोंबिवलीला माझ्याकडे आली. साडी धुऊन, इस्त्री करून, मलमलच्या फडक्यात गुंडाळून आणली होती. "घ्या ताई, जशीच्या तशी."

मी फडकं उलगडलं. आई नेसायची तेव्हा दिसायची तशी ती पांढरी होती. माझ्याकडे असताना इतक्या वर्षांत ती अशी कधीच दिसली नव्हती. मी फडकं पुन्हा नीट गुंडाळलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"तू ठेव. माझ्याकडे नुसती पडून राहते. आई तुझी पण होती."

वैशालीने त्या गुंडाळीवर दोन्ही हात ठेवले आणि ती माझ्या सोफ्यावर बसून हुंदके देऊन रडली, आणि तिच्या शेजारी बसून मीही.