टोपड्याची राहिलेली कड

पोत्याच्या शिवणीचं कुठलं टोक ओढायचं, हे आमच्या तानीमावशीला बघताक्षणी कळायचं. साखरेचं पोतं असो नाहीतर खताचं, आम्ही नखं मोडून घ्यायचो आणि शेवटी विळीवर धागा कापायचो. मावशी मिसरीचं बोट तोंडातून न काढता दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक दोरा धरायची आणि ओढायची. सर्रकन पोत्याचं तोंड उघडायचं आणि तिच्या हातात लांबच लांब अखंड धागा यायचा. मी मास्तरीण झाले, निवृत्तही झाले, तरी ते टोक मला अजून सापडत नाही.

मावशी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. वखारीशेजारी खताचं दुकान होतं. तिथल्या पोत्यांचे धागे ती ओच्यात भरून घरी आणायची. कशाला गं, म्हणून विचारलं तर "लागंल कवातरी," एवढंच उत्तर. एकदा धागा ओढता ओढता ती मध्येच थांबली. शिवण उसवते कशी, ते तिनं एकेक टाका सोडत बघितलं. प्रत्येक फास आधीच्या फासातून बाहेर आलेला. मग तिनं बोटानंच तो परत आत घातला, त्यातून दुसरा काढला, त्यातून तिसरा. झाली साखळी. क्रोशाच्या विणकामाची सुरुवात लोक वर्गात जाऊन शिकतात. आमच्या मावशीला ती खताच्या पोत्यानं शिकवली, आणि तीही उलटीकडून.

मावशीचे यजमान यल्लाप्पा, आमचे आप्पा, सायकलच्या दुकानात होते. त्यांनी चाकाची तार घासून, टोकाला आकडा काढून मावशीला विणायची सुई करून दिली. झालं, त्यानंतर आमच्या घरात काही उघडं राहिलं नाही. दुधाच्या पातेल्यावर जाळी आली, कंदिलाला टोपी आली, रेडिओला बैलासारखी झूल आली. बाबासाहेबांच्या फोटोला चौदा एप्रिलला पोत्याच्या धाग्याचा हार पडला. आप्पांना तंबाखूची चंची मिळाली, मला शाळेची पिशवी. मावशीचा हात इतका घट्ट की ती पिशवी रिकामी असली तरी जमिनीवर ताठ उभी राहायची. वर्गातल्या पोरी तिच्या पाया पडून दाखवायच्या.

"एक दिस मलाबी कव्हर घालशील," आप्पा म्हणायचे.

"गप बसा जरा, माप घिऊ द्या," मावशी म्हणायची.

साखळीनंतरचा खांब, म्हणजे सुईवर वेढा घेऊन घातलेला उभा टाका, ती एका रुमालावरून शिकली. बेळगावच्या बाजारातून आणलेला सुंदर रुमाल तिनं एका दुपारीत उसवून टाकला. रुमालाचा धागा झाला आणि मावशीला खांब आला. तिचं सगळं शिक्षण असंच, आधी उसवायचं आणि मग शहाणं व्हायचं. त्यामुळं नवी विणलेली वस्तू घेऊन कुणी आमच्याकडं आलं की ती वस्तू पदराखाली झाकून बसायचं.

पण घरात एक विणलेली वस्तू अशी होती की जिला मावशी हात लावत नव्हती. ते माझ्या आईनं केलेलं टोपडं.

माझी आई शेवंता ही मावशीची थोरली बहीण. बेळगावात एका दवाखान्यात ती आया होती आणि तिथल्याच एका नर्सबाईकडून क्रोशा शिकली होती. माझ्या वेळी ती बोरगावला माहेरी आली तेव्हा तिच्या हातात हे टोपडं होतं. तिच्या मदतीला मावशीही निपाणीहून तिथं येऊन राहिली होती. वर मधोमध दुहेरी पाकळ्यांचं फूल, त्याभोवती जाळी, आणि खाली कड. कड निम्मी झाली आणि कळा सुरू झाल्या. मी जन्मले. आठवडा झाला नाही तोवर ताप येऊन आई गेली. उरलेली धाग्याची गुंडी तिच्याबरोबर मातीत गेली. टोपडं उसवू नये म्हणून मावशीनं राहिलेल्या टोकाला गाठ मारली. वडलांनी दुसरं लग्न केलं आणि ते खानापूरकडं गेले. मी मावशीची झाले.

शेजारची नागुबाई तेव्हापासून एकच सांगत आली. पोटात पोर असताना त्याचं टोपडं कुणी करतं का? आमच्याकडं जन्माआधी नवं काही करत नाहीत, जुन्या लुगड्याची दुपटी तेवढी फाडून ठेवतात. शेवंतानं केलं आणि भोगलं, असं नागुबाईचं म्हणणं. मावशीनं तिच्या देखत ते टोपडं माझ्या डोक्याला घातलं होतं, हे मला आप्पांनी सांगितलं.

एक्याऐंशी साली मी पहिल्या बाळंतपणाला बेळगावहून निपाणीला आले. माझे यजमान कृष्णात मला एसटीतून उतरवून, रेडिओच्या झुलीला नमस्कार करून परत गेले. दुसऱ्याच दिवशी मी बघितलं, मावशी ट्रंकेतून टोपडं काढून उन्हात घेऊन बसली होती. ती ते उलटं करी, सुलटं करी, सुईच्या टोकानं एखादी पाकळी उचलून खाली डोकवी आणि परत ठेवून देई.  मी तिच्याच हाताखाली वाढले होते, तिची बोटं काय मागत होती ते मला कळलं.

"न्हाय हं मावशी," मी म्हणाले.

"मी कुटं मागिटलं?"

"माझ्या आईचं तेवढं एकच आहे. माझ्या बाळाला तेच घालू या की."

"घालू की. एकाला हुईल. फुडं?" तिनं टोपडं माझ्यापुढं धरलं. "धागा पिकलाय बग. एक दिस कुजंल. मंग ह्या फुलाचं काय? ती तर गेली. तिचं फूलबी जाईल. वरनं बगून मला ते कळंना झालंय, पाकळ्यांच्या मागं काय केलंय तिनं कुणाला दक्कल."

मला राग आला. उसवून जमलं नाही तर माझ्याकडं काय उरणार? आईचा फोटो नव्हता. तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. तिच्या बोटांनी केलेली जगात एवढी एकच गोष्ट होती आणि ती मला गमवायची नव्हती. दोन-तीन दिवस आम्ही एकमेकींशी नीट बोललो नाही. मग एका दुपारी शेंगा फोडताना मी सहज विचारलं, "आई विणायला कशी बसायची गं?"

मावशीनं हातातली शेंग खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बगिटलंच न्हाय गं बेबी. तवा मला त्यातलं काय कळत न्हवतं. माज्या फुड्यात बसून इनायची आणि मी आपली भाकरी थापायची. आता कळतंय तर ती न्हाय." मग ती म्हणाली, "धाग्यात असंल तेवडंच."

मी उठले आणि ट्रंकेतून टोपडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. "उसव," मी म्हणाले.

नागुबाई दारातच होती. "अगं बया! भरल्या पोटाच्या पोरीफुडं उसवतीस?"

"करायला बंदी हाय न्हवं? उसवायला कुटं हाय?" मावशीनं तिला वाटेला लावलं.

त्यानंतर मी जे बघितलं ते आजही सांगताना अंगावर काटा येतो.

आधी मावशीनं स्वतःचीच गाठ सोडवली. "ही माजी. बग कशी, धोंड्यागत." मग ती अगदी सावकाश एकेक टाका सोडू लागली आणि सोडलेला धागा पुठ्ठ्यावर गुंडाळू लागली. वेणीतून सुटलेल्या केसांसारखा तो कुरळा होता. कडेचे टाके बोटाखाली येताच ती म्हणाली, "हितं लई घट्ट हाय. पाठ भरून आलती तिची, तरीबी इनत हुती." जाळी आली. "हितं बग, सगळं सारखं. हितं ती निवांत बसलीया." एका जागी धागा किंचित काळपट होता. "हितं काम ठिवून दिलंतं. लई दिस तसंच पडून हुतं. पाय सुजलंतं तवा तिचं." मावशी उसवत होती आणि आई मागं मागं जात होती. कळांपासून आठव्या महिन्यात, तिथून सातव्यात, दुखण्यातून सुखात. मी शाळेत मुलांना वाचायला शिकवत होते, पण असं वाचन मी कुठं बघितलं नव्हतं.

पाकळ्या आल्या. पुढच्या पाकळ्यांच्या मागं साखळ्यांच्या कमानी लपलेल्या होत्या, मागच्या पाकळ्या त्यांच्यावर उभ्या होत्या. हेच ते वरून न दिसणारं. मावशी लहान पोरीसारखी हसली. "अगं, घराच्या मागं घर!" एका पाकळीत एक खांब कमी निघाला. मावशी तिथं थबकली. "हितं कुणीतरी हाक मारली असंल तिला," ती म्हणाली.

शेवटी मधलं बारीक कडं राहिलं. ते ओढलं आणि काहीच उरलं नाही. मावशीच्या हातात पुठ्ठा होता, माझी मांडी रिकामी होती. मी हुंदके देऊन रडले. मावशीनं मला रडू दिलं.

मग म्हणाली, "आता माजं ऐक. माजा हात घट्ट. माज्या हातानं केलं तर टोपडं ताठ हुईल आणि धागा उरंल. उरला तर ते तिचं न्हवं, माजं. तिचा हात जमला, तर धागा तिथंच संपंल, जिथं ती थांबलीया."

पण बाळ येईपर्यंत तिनं सुईला हात लावला नाही. नागुबाईला तोंडावर उडवून लावणारी मावशी आतून घाबरलेली होती, हे मला तेव्हा कळलं. दवाखान्यात मला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला.  मावशी माझ्या उशाशी बसून राहिली. पुठ्ठा तिच्या ओच्यात होता. माझा हात तिनं असा धरला होता की बोटं दुखली. डॉक्टर म्हणाले, दूध दाटलंय, उतरेल. ताप उतरला. घरी आल्यावर मावशीनं न्हाणीत जाऊन तोंड धुतलं आणि सुई घेतली.

आधी तिनं पोत्याच्या धाग्यावर हात बसवला. पहिलं फूल झालं ते बशीसारखं कडक. "ह्येच्यात चटणी वाढा," आप्पा म्हणाले. तिनं ते उसवलं. धागा एका बोटावरून दुसऱ्या बोटावर घेतला, सुई हलकी धरली, खांदे खाली सोडले. आयुष्यभर वखारीत बोचकी आवळून बांधलेला हात होता तो. तो सैल व्हायला तयार नव्हता. मी बाजेवरून बघत होते. असं किती वेळा केलं आणि उसवलं कोण जाणे. एका सकाळी बघते तर तिच्या हातातलं फूल वाऱ्यानं हलत होतं.

तेव्हा कुठं तिनं आईचा धागा घेतला. कडं झालं, पाकळ्या झाल्या. ती पाकळी आली तशी मी म्हणाले, "मावशी, एक खांब कमी पडतोय बघ."

"म्हायती हाय. हाक मारली न्हवं तिला कुणीतरी?"

पुढं तिनं आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाला टोपडं केलं, आणि प्रत्येक टोपड्यात ती एक पाकळी एका खांबानं कमी आहे.

जाळी झाली. पुठ्ठ्यावर धागा अगदी थोडा राहिला. कड सुरू झाली तेव्हा आप्पा दुकानात गेलेच नाहीत, नागुबाईसुद्धा येऊन उंबऱ्यावर टेकली.  मावशीच्या ओठांवर मिसरी वाळून गेली होती. पुठ्ठा मोकळा झाला. धागा तिच्या बोटावरून पुढं सरकत राहिला आणि त्याचं टोक सुईपाशी आलं. गाठीनं चुरगळलेलं तेच जुनं टोक. कड निम्मी झाली होती. कानाच्या वर, बरोबर तिथंच.

मी लहानपणापासून त्या जागेवरून बोट फिरवत आले होते. मी बोट ठेवलं. तीच जागा होती.

मला आईचा हात दिसला. मी दुसरं काही सांगू शकत नाही. त्या तंबाखूनं काळवंडलेल्या बोटांत मला माझ्या आईचा हात दिसला.

मावशीनं ओच्यातून पोत्याचा मळकट पिवळा धागा काढला. आईच्या पांढऱ्या टोकाला तो लावून तिनं आपली ती धोंड्यासारखी गाठ मारली.

"हितवर तुजी आय," ती म्हणाली. "हितनं फुडं मी."

आणि बोटं पदराला पुसून तिनं पुढचा खांब घातला.