बारा जुड्या मेथी आणि दाराजवळची बॅग

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी खाली घंटागाडीचं गाणं वाजलं आणि मी नेहमीसारखी बादली घेऊन पळाले. त्या दिवशी नेमक्या आत्या माझ्या मागोमाग जिना उतरल्या... आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

बादलीत होत्या दोन शिळ्या भाकरी, अर्धा कोबी आणि काळी पडलेली कोथिंबीर. गाडीवाल्याने बादली उलटी केली आणि आत्यांचा चेहराच उतरला.

वर आल्या त्या थेट बॅग भरायला. "मला न्हाई बघवत ह्ये. उद्याच्या एष्टीनं जाते म्या गावाला."

मामंजी गेल्यापासून आत्या पाथर्डीकडच्या गावात एकट्या राहात होत्या. दोन वर्षं विनवण्या केल्या तेव्हा कुठे आमच्याकडे केडगावला आल्या होत्या... आणि आता दोन भाकरींपायी परत जाणार?

मी शब्द दिला, महिनाभर घासभरसुद्धा अन्न त्या गाडीत जाणार नाही. आत्या म्हणाल्या, "बघते महिनाभर. पुन्यांदा भाकर दिसली की मी चालले." आणि चेन लावलेली बॅग दाराजवळ ठेवून दिली. येता-जाता माझा पाय तिलाच लागायचा.

मग काय, आधी फ्रिज उघडायचा आणि मगच बाजाराची पिशवी घ्यायची. कोथिंबिरीच्या काड्या चटणीत, उरलेलं वरण धपाट्याच्या पिठात, शिळी भाकरी कुस्करून फोडणीत. लेक जेवायला बसली की आधी विचारायची, "आई, आज कालचं काय काय आहे?" पण खरं सांगते, दोन आठवडे भाजीला निम्मेच पैसे लागले. मी जाम खूश होते...

तिसऱ्या आठवड्यात आमच्या ह्यांनी घात केला. एमआयडीसीतून येताना बाजार उठायच्या वेळेला थांबले आणि मेथीचा अख्खा ढीग उचलून आणला. बारा जुड्या! वर छाती काढून म्हणतात, "तूच म्हणालीस ना, बचत करायची!"

मी डोक्याला हात लावला. आत्या मात्र पदर खोचून निवडायला बसल्या. भाजी झाली, पराठे झाले, तरी मेथी उरलीच. मग आत्यांनी परातभर मुटके वळून तळले. मूठ दाबून करतात ना, बोटांचे ठसे उमटतात, ते.

एवढं खाणार कोण? मला सुचलं, बिल्डिंगमध्ये वाटून टाकू. पाच घरी पाच डबे गेले. फ्रिज मोकळा, शेजारी खूश, मी स्वतःवरच खूश.

पण एक गोष्ट मी विसरले होते... आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत!

दुसऱ्या दिवशी बेल वाजायला लागली. माझ्या डब्यासोबत प्रत्येकीने आपलाही एक भरलेला डबा दिला. एका डब्यात दुधी हलवा, एकात उसळ, एकात साबुदाण्याची खिचडी. तिसऱ्या मजल्यावरच्या निशाने तर इडलीचं पीठ दिलं, तेही झाकण ढकलून वर येणारं. त्यांचे डबे मी तरी रिकामे कसे देणार? मी पुन्हा भरून दिले... ते पुन्हा भरून आले. लोक आवळा देऊन कोहळा काढतात. मला इथे कोहळाच नको होता हो!

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा फ्रिजचं दार बंद होईना. तेवढ्यात शेजारच्या शिंदेकाकू डबा घेऊन आल्या. "निशानं दिलेत गं, लई भारी झालेत, तूपण खाऊन बघ."

उघडला तर मुटके. आत्यांनी एक हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "ही तर माजी बोटं हायेत!" त्यांची करंगळी लहानपणी विळ्याने कापलेली, वाकडी आहे. प्रत्येक मुटक्यावर तो वाकडा ठसा होता. आमचेच मुटके अख्खी बिल्डिंग फिरून माहेरी आले होते...

आत्या हसल्या, पण मला मात्र रडूच आलं. एवढं सगळं दोन दिवसांत संपणार कसं? आता काही ना काही गाडीत जाणार आणि आत्या एसटीत बसणार.

तर आत्या म्हणाल्या, "अगं येडे, डबा रिकामा देऊ नये म्हंत्यात. काठोकाठ भरून दे आसं कोन म्हनलं? चिमूटभर साखर टाक अन् दे धाडून!"

पाचही घरी साखर गेली आणि तो फेरा एकदाचा थांबला. दोन दिवस आम्ही गॅस फक्त गरम करायला पेटवला. ह्यांना तिन्हीत्रिकाळ मुटके वाढले... मेथी आणायची हौस होती ना!

शेवटच्या दिवशी आत्या मुद्दाम माझ्याबरोबर खाली आल्या. बादलीत नुसत्या साली आणि देठं होती. वर आल्यावर म्हणाल्या, "ती बॅग टाक माळ्यावर. किती दिस पायात ठिवायची?"

मी बॅग उचलली आणि चाट पडले. इतकी हलकी? चेन उघडली तर आत काहीच नाही!

"पैल्याच हप्त्यात लुगडी तुज्या कपाटात खालच्या कप्प्यात ठिवलीत म्या. तू बघितलंच न्हाई. फ्रिजचं बी तसंच करत हुतीस."

म्हणजे महिनाभर मी एका रिकाम्या बॅगेला घाबरून कोथिंबिरीच्या काड्या वाटत होते... त्यांना जायचंच नव्हतं आणि मला त्यांना सोडायचं नव्हतं. मी तिथेच त्यांना घट्ट मिठी मारली. "सोड, लुगडं चुरगळंल," म्हणाल्या, पण हात काही काढला नाही.

बॅग माळ्यावर टाकायच्या आधी मी तिच्यात गुपचूप चिमूटभर साखर टाकली, डब्यांसारखीच. मुंग्या लागल्या तर लागू देत... ती आता लवकर खाली निघायची नाही.